सोमवारची रिकामी ओळ

तारीख : फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी दहा. रक्कम : अठरा हजार पाचशे रुपये. त्यात रिवाइंडिंगचे अकरा हजार, नव्या केबलचे चार हजार दोनशे, मोटर विहिरीतून काढून पुन्हा सोडायचे तीन हजार तीनशे. हजर : माझा थोरला चुलत भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, ऐंशी ओलांडलेले माझे चुलते तात्या, मी, आणि चौथ्या घरातला चुलत भाऊ, जो पुण्याला असतो, तो फोनवर. थोडी बाजूला, बांधावर, आत्या बसली होती. हजेरीत तिला कोणी धरलं नव्हतं. मी धरतो आहे.

ही विहीर इंदापूर तालुक्यात, नीरेच्या अंगाला. मी राहतो बारामतीत. एका खासगी कारखान्यात हिशेबाच्या खात्यात नोकरी करतो आणि दर रविवारी शेतावर चक्कर मारतो. विहीर आजोबांनी खोदली. त्यांचे चार मुलगे, म्हणून सातबाऱ्यावर, आणेवारीत, विहिरीतला प्रत्येक घराचा हिस्सा चार आणे आहे. चार चोक सोळा. हिशेब पुरा.

आत्या विधवा होऊन परत आली तेव्हा आजोबांनी तिच्या नावावर वीस गुंठे केले आणि बाकीच्या जमिनीवर तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली. जमीन मिळाली, पण तिच्यासाठी पाणी कुठून काढायचं? विहिरीचे सोळाच्या सोळा आणे वाटून झाले होते. उरला होता फक्त सोमवार. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी नंदीच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, म्हणून आमच्याकडे सोमवारी मोट बंद असायची. पुढे मोट गेली, मोटर आली, तरी सोमवार बंदच राहिला. आजोबा म्हणाले, "बैलाला इसावा पायजे, मोटरीला काय शिंगं हायत का? सोमवारी दोन तास पोरीला घिऊ द्या." तेव्हापासून सोमवारचे दोन तास आत्याचे. विजेची पाळी दिवसाची असो नाहीतर रात्रीची. त्या पाण्यावर तिचा लसूणघास आणि मका, त्यावर दोन गाई, आणि गाईंच्या दुधावर ती. दुसरं काही नाही.

पाण्याच्या पाळीच्या वहीत आजोबा मंगळवार ते रविवार घरांची नावं लिहीत आणि सोमवारची ओळ कोरी ठेवत. आत्याचं नाव लिहिलं असतं तर तिनं हिस्सा मागितला म्हणून सुनांनी कालवा केला असता. कोऱ्या ओळीवर कोणाला बोलता येत नव्हतं. घरातल्या शेंबड्या पोरालाही ती ओळ कोणाची ते ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी ही वही मी एक्सेलमध्ये आणली. ऑफिसात महिनाअखेरीला तीच तीच कामं करून हात दुखायचे, म्हणून मी मॅक्रो, म्हणजे ती कामं एक्सेलकडूनच करून घेणारे छोटे प्रोग्रॅम, शिकलो. आधी नुसतं रेकॉर्ड करायचो, मग त्यातल्या चुका दुरुस्त करता करता स्वतः लिहायला लागलो. पाळीची फाईल हा त्यातला माझा आवडता उद्योग. तीन महिन्यांच्या तारखा घालायच्या, बटण दाबायचं. मॅक्रो एकेक दिवस पुढं सरकतो, चार घरं क्रमानं लावतो, वीज दिवसा की रात्री ते समोर लिहितो, आणि सोमवार आला की ओळ कोरी सोडून, रविवारी जिथं थांबला होता तिथून मंगळवारी पुढं मोजतो. दुसऱ्या बटणाने वीजबिलाची आणि दुरुस्तीची वर्गणी निघते. कोडमध्ये सोमवारच्या जागी मी इंग्रजी अक्षरांत मराठी सूचना लिहून ठेवली होती : सोमवार, हात लावू नये.

डिसेंबरच्या शेवटी दादानं ती फाईल मागून घेतली. दादाचं इंदापुरात ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. त्याला यादी रंगीत करून ग्रुपवर टाकायची होती. मी दिली. भावाला भावाने फाईल द्यायची नाही तर कोणाला द्यायची? जानेवारीची यादी ग्रुपवर आली. हिरव्या-पिवळ्या पट्ट्या, खाली दादाच्या दुकानाची जाहिरात. मी त्यात आमच्या घराचे दिवस शोधले आणि मोबाईल ठेवून दिला. बहुतेक सगळ्यांनी तेवढंच केलं.

जानेवारीच्या चौथ्या सोमवारी सकाळी, मी ऑफिसला निघालो असताना आमची जमीन वाट्यानं करणाऱ्या माणसाचा फोन आला.

"अण्णा, आज आपली पाळी हाय. पर आत्या स्टार्टरपाशी येऊन बसल्यात. उठंनात. काय करू?"

"आज सोमवार आहे ना?"

"सोमवारच हाय. पर यादीत आपलंच घर हाय. मी नीट बगितलं."

"तिला फोन दे."

आत्या फोनवर कधीच हळू बोलत नाही. समोरचा माणूस खरोखरच बारामतीत आहे असं धरून ती बोलते.

"आज तुज्या घरचं पानी हाय म्हनं. घे बाबा. पैल्या सोमवारी दादाच्या गड्यानं उठीवलं. दुसऱ्याला पुन्यावाल्याचं पानी म्हनं, तेबी दादाच्याच गड्यानं. तिसऱ्याला तात्याच्या पोरानं. समदी एकच सांगत्यात, कॉम्प्युटरनं काढलंय. तुज्या त्या कॉम्प्युटरला इचार तरी, म्हातारीनं त्याचं काय घोडं मारलंय."

"आत्या, मला का नाही सांगितलंस?"

"कॉम्प्युटर तुजा. मला वाटलं, तूच काढलंस."

हे वाक्य मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी वाटेकऱ्याला सांगितलं, मोटर आत्याला दे आणि तिथंच थांब, मध्ये कोणी आलं तर माझ्याशी बोलणं करून दे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दादाची फाईल उघडून कोड वाचला.

माझी सूचना जशीच्या तशी होती. तिच्याखाली दादानं चार ओळी घातल्या होत्या. यादीच्या तळापासून वर जा, घराचा रकाना रिकामा सापडला की अख्खी ओळ उडव, मग तारखा आणि वार नव्याने लाव. त्या चार ओळींच्या डोक्यावर त्यानं शीर्षक दिलं होतं : फालतू ओळी.

तळापासून वर जायचं असतं हे ज्याला कळलं, त्याला दर सात ओळींनी एकच वार रिकामा का येतो हे कळलं नसेल? वरून खाली उडवत गेलं की ओळी चुकतात, ही गोष्ट नवख्याला सहज सुचत नाही. त्याने ती शोधली, वाचली, करून पाहिली. वर लिहिलेलं 'हात लावू नये' मात्र त्याला दिसलं नाही?

मी त्याला फोन लावला.

"दादा, सोमवार कुठं गेले?"

"कुठं जातील? हायत की यादीत."

"कोरे होते ते."

"आरं, तेरा ओळी रिकाम्या! तीन म्हैन्यांत तेरा दिवस मोटर नुसती बसून. ह्याला काय मॅनेजमेंट म्हनायचं व्हय? मी फकस्त साफसफाई केली."

"ते दोन तास आत्याचे आहेत, दादा."

"कुठं लिवलंय?"

मी गप्प झालो नाही. मी बरंच बोललो, आणि त्यातलं अर्धं इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचं शेवटचं उत्तर एवढंच, की यादी वापरात आली आहे, आता मार्चनंतर बघू. मी दुरुस्त यादी काढून ग्रुपवर टाकली. त्याने तिच्याखाली लिहिलं, 'जानेवारीत टाकलेली यादीच चालू राहील.' पुण्यावाल्याने त्यावर अंगठा उमटवला. त्याची जमीन दादाच करतो.

कॉम्प्युटरला नंदी ठाऊक नाही आणि आत्याही ठाऊक नाही. त्याला जे सांगाल ते तो करतो. पूर्वी गावात कोणाचं पाणी तोडायचं असेल तर माणसाला बांधावर उभं राहून, तोंडावर, शिव्या खात तोडावं लागायचं. आता बटण दाबून दुकानात बसता येतं आणि गड्याला म्हणता येतं, जा, यादी दाखव. ह्याचा मला अजून संताप येतो. मॅक्रो मी कष्ट वाचवायला लिहिला होता. त्याला दादानं तोंड लपवायला वापरलं.

पाचवा सोमवार पुन्हा दादाच्या घरचा होता. वीज रात्रीची, स्टार्टर ऑटोवर, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप चालू, गडी घरी झोपलेला. आमची विहीर पाझरांनी सावकाश भरते. आठवड्यातून एक दिवस मोटर दोनच तास चालायची म्हणून विहिरीचं पाणी पुढचे सहा दिवस टिकायचं. दादाच्या यादीनं विहिरीला चार आठवड्यांत फक्त एकदाच विसावा मिळाला होता, तोही मी दिलेला. त्या रात्री पाणी खाली गेलं, मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळाली. इंदापूरच्या रिवाइंडिंगवाल्यानं ती उघडून बघताच सांगितलं, "कोरडी चालली. वळसं काळं पडल्यात."

म्हणून त्या रविवारी आम्ही विहिरीवर जमलो होतो.

दादानं सुरुवात केली. "अठरा हजार पाचशे. चौघांत चार हजार सहाशे पंचवीस. आपापलं द्या, च्या घ्या, मोकळं व्हा."

फोनमधून पुण्यावाला म्हणाला, "तुम्ही ठरवाल ते. माझे किती?"

"मी देणार नाही," मी म्हणालो. "तुझ्या पाळीत, सोमवारी जळाली. सोमवारी ती चालायलाच नको होती."

"मशीन हाय. कवाबी जळती. त्याला वार कळतो का?"

"तुला कळतो ना?"

"ए, बारामतीत बसून आमाला शानपना शिकवू नगंस. तू पानी धरतोस का कधी? चिखलात पाय तरी घालतोस का?"

"चिखलात तूही घालत नाहीस. गड्याला घालायला लावतोस आणि आत्याला उठवायलाही त्यालाच धाडतोस."

तात्यांना कमी ऐकू येतं. ते मघापासून आमच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी हात वर केला.

"सोमवारी मोटर चालली?"

"चालली, तात्या."

"कुनाच्या घरची?"

"सगळ्यांची. पाळीपाळीनं."

"माज्या बी?"

"तुमच्याही. तिसऱ्या सोमवारी. तुमच्या मुलानं यादी बघितली आणि बटण दाबलं."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बहिणीकडे बघितलं. मग म्हणाले, "तू मला का न्हाय बोलली?"

"कशाला बोलू?" आत्या बांधावरूनच म्हणाली. "तुजं पोरगं म्हनलं, आत्या, माजा नाइलाज हाय. म्या म्हनलं, आसंल बाबा. कॉम्प्युटर म्हनजे लई मोठा मानूस आसंल, त्याच्याफुडं तात्याचं तरी काय चालनार."

दादा हसला. हसायला नको होतं. आत्या उठून आमच्यात येऊन उभी राहिली.

"हसतोस? तुला सोमवार म्हाईत न्हाय? आरं, सोमवारी मोटर बंद म्हनून तुमी पोरं हिरीत पडायचा. तुज्या पाठीला डबा बांदून तुला पवायला कुनी शिकीवलं? म्याच. कंच्या वारी? दोनदा गटांगळ्या खाल्ल्यास, वर वडून काडलं, ते इसरलास? तवा कॉम्प्युटर आलता का तुला वडाया?"

दादा म्हणाला, "आत्या, तुज्यावर कुनाचा राग न्हाय. पर कागदावर काय हाय का? आनेवारीत तुजं नाव न्हाय, बिलात वाटा न्हाय. मग रिकामी ओळ काढली तर माजी चूक कुठं?"

"तिची एक गाय गेली," मी म्हणालो. "गोठ्यात जाऊन बघ. घास करपला. उसाच्या शेंड्यांची वाढी आणून घातली, दूध अर्ध्यावर आलं. शेवटी गेल्या आठवड्यात व्यापारी घेऊन गेला."

"तिनं मर्जीनं इकली."

मी उठलो. तात्यांनी माझं मनगट धरलं नसतं तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. पन्नाशीचा माणूस आहे मी, घरी मुलीचं लग्न ठरतं आहे, आणि मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्यापाशी भावाच्या अंगावर धावून चाललो होतो.

आत्या मला म्हणाली, "खाली बस. तू तरी कुठं लिवलंस माजं नाव? मोकळी जागा ठिवलीस. मोकळ्या जागेत कुनाची बी शेळी बसती."

"आजोबांनी तशीच ठेवली होती, आत्या."

"आबानं ठिवली कारन आबाची जरब हुती. तुजी हाय का?"

मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला बी वाटा भरायचा हाय. मला पावती पायजे."

दादाचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "तू कशाला भरतीस? माहेरवाशीन तू. आमी काय तुज्याकडनं पैसं घ्यायचं?"

"माहेरात पानी न्हाय, तर मी माहेरवाशीन कशाची?"

"एकदा पावती फाटली की उद्या आनेवारी मागशील."

"सत्तरी वलांडली म्या. आनेवारी काय सरनावर घिऊन जाऊ? मला सोमवार पायजे. लिवून."

तात्यांनी टोपी डोक्यावर घातली. "लिव तिचं," ते मला म्हणाले. "कनेक्शन माज्या नावावर हाय. तिचं नाव लिवायचं नसंल तर मोटर बी सोडायची न्हाय हिरीत."

लॅपटॉप मी बरोबर आणलाच होता. बाजेवर ठेवून उघडला. दादाच्या चार ओळी त्याच्यासमोर पुसल्या. सोमवारच्या जागी मॅक्रो जिथं काही लिहीत नव्हता, तिथं लिहायला लावलं : आत्या, दोन तास. मग वर्गणीचं बटण घरांऐवजी तासांवर बांधलं. आठवड्याचे सहा दिवस, रोजची आठ तास वीज, अठ्ठेचाळीस तास. त्यात आत्याचे दोन. पन्नास. तासाला तीनशे सत्तर रुपये. एका घराचे बारा तास, चार हजार चारशे चाळीस. आत्याचे सातशे चाळीस.

दादा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"मंजे माजं एकशे पंच्याऐंशी कमी झालं?"

"हो."

"मग भरू दे की तिला. म्या कुठं न्हाय म्हनतोय?"

पुण्यावाला फोनमधून म्हणाला, "माझेही कमी झाले का? मग चांगलंच आहे."

आनेवारी, कागद, मॅनेजमेंट, सगळं एकशे पंच्याऐंशी रुपयांत संपलं. मघाशी मारायला उठलो होतो त्यापेक्षा जास्त राग मला ह्या क्षणी आला. मनगट धरायला कोणी नव्हतं, पण मी उठलो नाही. ह्या माणसाला मारून काही उपयोग नव्हता.

मी आत्याला म्हणालो, "तुझे मी भरतो."

"का म्हनून? तू भरलंस की पानी तुजं झालं." तिनं कमरेची पिशवी सोडली. आतल्या नोटा गाईच्या होत्या, ते सगळ्यांना कळत होतं. सातशे चाळीस रुपये मोजून तिनं माझ्या हातात न देता दादाच्या हातात दिले. "मोज," ती म्हणाली. दादानं मोजले. पावती मी लिहिली, सही दादाला करायला लावली.

मग मी गेलेल्या चार सोमवारांचा विषय काढला. पाणी दादाच्या यादीनं गेलं, गाय त्यामुळे गेली, त्याचं काय? दादा म्हणाला, "मोटरीचा हिशेब चालू हाय ना? मग तेवढाच कर." तात्या खाली बघत होते. त्यांच्याही घरानं एक सोमवार घेतला होता. आत्या म्हणाली, "जाऊ दे." मी जाऊ दिलं नाही, अर्धा तास बोललो, पण कोणी खिशात हात घातला नाही.

आता फाईलला पासवर्ड आहे. दादानं तो दोनदा मागितला. मी दिला नाही, देणारही नाही. यादीत दर सातव्या ओळीला आत्या येते, आणि मोटर सोडल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी वाटेकऱ्यानं मला स्टार्टरचा फोटो धाडला. चालू होता. एक गाय उरली आहे. घास मुळातून फुटतो आहे.

शेवटी दिलेल्या रकमा अशा. इंदापूरच्या रिवाइंडिंगवाल्याला, रोख, अठरा हजार पाचशे : चार घरांचे प्रत्येकी चार हजार चारशे चाळीस, आत्याचे सातशे चाळीस. आत्याला, चार सोमवारांच्या पाण्याबद्दल आणि एका गाईबद्दल, काही नाही. तो रकाना मी रिकामा सोडला नाही. त्यात शून्य लिहिलं.